ब्लेडची धार कुठे जाते

दाढीचं ब्लेड झिजत नाही, त्याची धार तुटते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ब्लेड जास्त दिवस टिकावं म्हणून घरोघरी जे उपाय चालतात, त्यांतले निम्मे ‘धार झिजते’ या समजुतीवर उभे आहेत. झिजलेली धार घासून परत आणता येते. तुटलेल्या धारेला घासून काही होत नाही. ती तुटू नये एवढंच आपल्या हातात असतं, आणि त्यासाठी जे करायचं ते ब्लेड गालाला लागण्याआधी करायचं असतं.

पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी ग्राइंडिंगवर होतो. ड्रिल, रीमर, मिलिंग कटर, लेथची टूलं, बोथट होऊन येईल ते पुन्हा धारेला लावायचं, यात माझी सगळी नोकरी गेली. बोथट टूल आलं की ते थेट चाकावर धरायचं नाही, आधी भिंगाखाली धरायचं, ही आमच्या फोरमनसाहेबांची शिकवण. कड गोल झालेली दिसली तर टूलने भरपूर काम केलंय, त्याला धार लावून परत पाठवा. पण कडेला टवका उडालेला दिसला, तर आधी मशीनवर जाऊन विचारायचं: जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, सैल बांधला होता का? फीड जास्त दिला का? मालात कुठे कडक गाठ लागली का? ते न विचारता नुसती धार लावून दिली, तर तेच टूल दुसऱ्या पाळीत पुन्हा आमच्या टेबलावर यायचं.

दाढीच्या ब्लेडला मात्र आमचं भिंग पुरत नाही. दुधारी ब्लेडचा पत्रा ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे जवळपास दाढीच्या एका केसाइतका. त्याला दोन्ही बाजूंनी उतार देत देत शेवटी जी कड उरते, ती केसाच्या जाडीपेक्षा हजारपटीहून बारीक असते. तिथे काय घडतंय हे बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जानलुका रोशोली या संशोधक विद्यार्थ्याने ते बघितलं. प्राध्यापक जेम तासान यांच्या प्रयोगशाळेत धातू कसे वाकतात, कसे तडकतात याचा अभ्यास चालतो. रोशोली साध्या वापरून फेकायच्या रेझरने स्वतःची दाढी करायचा आणि प्रत्येक दाढीनंतर ते ब्लेड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मोहादेसेह ताहेरी-मूसावी या सहकारी संशोधिकेने संगणकावर त्याची गणितं मांडली. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. माझ्या मते धारेशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाने तो समजून घ्यावा असा आहे.

कोडं असं होतं. ब्लेडचं पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण. इतका मऊ पदार्थ इतक्या कठीण पदार्थाची धार घालवतो तरी कसा? रोज थोडी थोडी घासली जात असेल, कड हळूहळू गोल होत असेल, असंच सगळे धरून चालले होते. रोशोलीला कडेचं गोल होणं जवळजवळ दिसलंच नाही. दिसले ते टवके. बाकीची कड जशीच्या तशी आणि मध्येच एखाद्या ठिकाणी बारीकसा तुकडा उडालेला.

मग त्याने सूक्ष्मदर्शकाच्या आत मावेल एवढं छोटं यंत्र तयार केलं आणि त्यात एकेक केस कापत ब्लेडकडे पाहिलं. केस ताठ, अगदी काटकोनात उभा असला, तर ब्लेडला काही होत नव्हतं. केस तिरका आला आणि कापला जाताना वाकला, की टवके उडू लागले. तेही सगळीकडे नाही. पोलाद आतून एकसारखं नसतं. त्यात कुठे जास्त कडक, कुठे थोडे नरम असे कण शेजारी शेजारी बसलेले असतात. वाकलेल्या केसाची बाजू नेमकी अशा विसंगत जागी आली, तर कडेवर आडवा ताण पडतो, तिथे बारीक तडा जातो आणि तुकडा निघून येतो. एकदा खाच पडली की तिथे पुढचे टवके उडायला वाव मिळतो. दाढी करताना ब्लेड ‘ओढतंय’ असं आपण म्हणतो, ते या खाचांमुळे. तिथे केस कापला जाण्याऐवजी अडकतो आणि मुळापासून खेचला जातो.

हे वाचलं तेव्हा मला टूलरूमच आठवली. मऊ ॲल्युमिनियमचा जॉब सैल बांधला तर कार्बाइडच्या टूलचाही टवका उडतो, हे मी कितीदा पाहिलंय. माल मऊ की कठीण हा प्रश्नच नसतो. तो कटरसमोर कसा हलतो, हा प्रश्न असतो.

आता आपल्या हातात काय? ब्लेडचं पोलाद तर नाहीच. ते कसं तयार होतं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे त्यात आपण हात घालू नये हे पटेल. साधारण १३ टक्के क्रोमियम आणि ०.६ ते ०.७ टक्के कार्बन असलेल्या स्टेनलेस स्टीलची लांबच लांब पट्टी आधी छिद्रं पाडून घेतात. मग ती सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतून जाते, लगेच थंड केली जाते, पुढे शून्याच्या खूप खाली नेली जाते, आणि शेवटी तिला थोडी ऊब देऊन तिचा ठिसूळपणा कमी केला जातो. मग टप्प्याटप्प्याने ग्राइंडिंग, पॉलिश, त्यावर क्रोमियमसारखा कठीण लेप, आणि सगळ्यांत वर टेफ्लॉनचा पातळ थर. यासाठीच्या पट्टीचा एक नावाजलेला कारखाना स्वीडनमध्ये सँडविकेन गावी आहे. पुणेकरांना दापोडीचं सँडविक ठाऊक आहे ते कार्बाइडच्या टूलांसाठी. त्याच घराण्यातली ही पोलादाची शाखा २०२२ मध्ये वेगळी झाली आणि आता अलेमा या नावाने चालते.

केस मात्र आपल्या हातात आहे. आणि केसाचं औषध पाणी.

केस केराटिनचा, नखंही केराटिनचीच. आंघोळीनंतर नखं किती सहज कापली जातात ते प्रत्येकाला माहीत आहे. कोरड्या नखाला नेलकटर लावलं की तुकडा कुठेतरी उडून जातो. भिजलेलं नख मुकाट्याने निघतं. दाढीच्या केसाचंही तसंच. तो आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी पिऊ शकतो, जाडीला फुगतो, आणि त्याला कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. पण त्याला वेळ लागतो, दोन ते तीन मिनिटं. कोमट पाण्यात हे जरा लवकर होतं. एवढा थोडा वेळ आपण देत नाही. नळाखाली तोंड ओलं केलं, हाताने क्रीम फासलं आणि लगेच रेझर लावला, तर ब्लेडच्या वाट्याला जवळजवळ कोरडाच केस येतो. कापायला जोर कमी लागला की कडेवरचा ताण कमी, आणि ताण कमी की टवके कमी, हा हिशोब मी माझ्या धंद्यावरून मांडतो. मशीनवर तो मला कधी चुकलेला दिसला नाही.

माझा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. सकाळी बस पकडायची घाई. तो उठल्या उठल्या दाढी करायचा आणि मग आंघोळ. पाच ब्लेडची महागडी कार्ट्रिज आणायचा, आणि पंधरवडा जात नाही तोच ती ओढायला लागली म्हणून तक्रार.

“तू आंघोळ आधी कर,” मी म्हटलं.

“बाबा, दाढीचे केस अंगावर पडतात, मग आंघोळ आधी करून काय उपयोग?”

“केस साबणाच्या फेसात असतात, ते रेझरबरोबर जातात. मान धुतली की झालं. तू आठ दिवस करून तर बघ.”

त्याने केलं, आणि आता तो उलटं करायला तयार नाही. कार्ट्रिज टिकतंय ते वेगळंच, गळ्यावरची लाल पुरळही गेली. पुरळ ओढणाऱ्या ब्लेडची असते आणि माणूस आफ्टरशेव्ह बदलत बसतो.

ज्यांना आंघोळ आधी जमत नाही, त्यांनी तोंड कोमट पाण्याने आणि साबणाने नीट धुवावं. साबण का, तर केसावर त्वचेचं तेल असतं आणि तेलावरून पाणी घसरतं. तेल गेलं की पाणी आत शिरतं. मग ब्रश पाण्यात भिजवून दाढीचा साबण किंवा क्रीम घोळवायचं. ब्रशचा खरा उपयोग इथे आहे: तो केस उभे करतो आणि फेसाबरोबर पाणीही चेहऱ्यावर धरून ठेवतो. उभा केस म्हणजे कमी वाकणारा केस. आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, पिढी फेस लावून चहा पीत बसायची. कपाला फेस लागू न देता चहा कसा प्यायचा याचं अण्णांचं एक तंत्र होतं. त्या बसण्यात केसाला भिजायला पुरेपूर वेळ मिळायचा. फेस वाळू लागला तर ओला ब्रश पुन्हा फिरवायचा, वाळलेल्या फेसावर रेझर चालवायचा नाही.

पाणी कसलं आहे हेही बघावं लागतं. आमच्या बाजूच्या नव्या सोसायट्यांमधून उन्हाळ्यात टँकर येतात किंवा बोअरचं जड पाणी येतं. जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमबरोबर साबणाचा साका होतो, फेस येतो तो लगेच बसतो, आणि साका ब्लेडच्या फटींत जाऊन चिकटतो. दाढीपुरतं एक तांब्याभर पिण्याचं पाणी घ्या. सोलापूर, मराठवाड्याकडच्या माझ्या नातेवाइकांना मी हे सांगतो तेव्हा पाण्याच्या टंचाईत हा काय सल्ला, असं त्यांना वाटतं. पण दाढीला पाणी फार लागतच नाही. नळ सोडून दाढी करणाऱ्यापेक्षा तांब्यात ब्लेड बुडवणाऱ्याला कितीतरी कमी पुरतं.

दाढी चार-पाच दिवसांची वाढली असेल, तर आधी ट्रिमर किंवा कात्री फिरवावी. लांब केस जास्त वाकतो आणि वाकलेला केस कडेला काय करतो ते वर सांगितलं. रेझर त्वचेशी साधारण ३० अंशांत, हात हलका, फेऱ्या छोट्या. ब्लेड ओढायला लागल्यावर माणूस आपसूक जोर वाढवतो आणि उरलीसुरली धारही घालवतो.

आता रुमालाने पुसणं, तेल लावणं, ग्लासात घासणं या जुन्या उपायांकडे येतो. हे उपाय वेडगळ नव्हते. ते ज्या ब्लेडसाठी निघाले ते ब्लेड आज नाही, एवढंच.

किंग कॅम्प जिलेट हा बाटल्यांची झाकणं विकणारा फिरता विक्रेता. त्या झाकणाचा शोध लावणारे विल्यम पेंटर हेच त्याचे मालक. एकदा वापरून फेकून द्यावी लागेल अशी वस्तू काढ, म्हणजे गिऱ्हाईक परत येत राहील, असं त्यांनी त्याला सुचवलं होतं. १८९५ मध्ये सकाळी वस्तरा हातात असताना जिलेटला पातळ पत्र्याच्या ब्लेडची कल्पना सुचली. पण इतक्या पातळ पत्र्याला कडक करून धार देता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. तो पेच सोडवला विल्यम निकरसन या एमआयटीत शिकलेल्या अभियंत्याने. सगळं नाव जिलेटचं झालं. आमच्यासारख्या टूलरूमच्या माणसाला मात्र निकरसन जास्त जवळचा. १९०३ साली ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकली गेली. दुसऱ्याच वर्षी ९०,८८४ रेझर आणि १,२३,६४८ ब्लेड.

ही ब्लेड कार्बन स्टीलची होती. धार उत्तम, पण ओल लागली की गंज. दाढी करून तसंच ठेवलेलं ब्लेड दुसऱ्या दिवशी कडेला तांबूस झालेलं असायचं. त्या काळी धारेचा पहिला शत्रू गंज होता, म्हणून सगळ्या उपायांचा रोख कोरडं ठेवण्यावर. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला विल्किन्सन स्वोर्ड या ब्रिटिश कंपनीने लेप दिलेली स्टेनलेस ब्लेड आणली. गिऱ्हाईक तिकडे इतक्या वेगाने वळलं की १९६३ मध्ये जिलेटलाही स्टेनलेस आणावं लागलं. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षं कार्बन स्टीलची ब्लेड मिळत होती. अण्णा शिक्षक होते, घर कोकणात, पावसाळ्यात भिंतींनाही पाझर. त्यांचं ब्लेड दाढीनंतर धोतराच्या सोग्याने टिपलं जायचं, त्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरायचं आणि ते पुन्हा आपल्या मेणकागदात. त्यातून निवृत्त झालेलं ब्लेड आईच्या शिवणाच्या डब्यात टाके उसवायला, आणि तिथूनही निघालेलं अर्धं मोडून आमच्या पेन्सिलींना. त्या ब्लेडसाठी अण्णा करत होते ते शंभर टक्के बरोबर होतं.

घासण्याचंही तसंच. आमच्या वाडीवर धोकटी घेऊन येणारे न्हावीकाका वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवायचे आणि मगच गालाला लावायचे. वस्तऱ्याचं पोलाद असं की त्याची कड दाढी करताना बारीकशी एका अंगाला कलते. ती तुटलेली नसते, वाकलेली असते. पट्ट्यावर ती सरळ होते. पट्टा वस्तऱ्यासाठी खरोखरच काम करतो आणि आजही करेल. त्यावरूनच पातळ ब्लेडलाही पट्टा लावायच्या युक्त्या निघाल्या. ‘ऑटोस्ट्रॉप’ नावाच्या रेझरमध्ये ब्लेड न काढता आतूनच पट्टा ओढता यायचा. ती कंपनी १९३० मध्ये जिलेटमध्ये विलीन झाली. ब्लेड घासायला काचेचे खोलगट ठोकळेही विकले जायचे. आपल्याकडे तो ठोकळा कोण घेणार? आपण काचेचा ग्लास घेतला, ब्लेड आतल्या बाजूला दोन बोटांनी दाबलं आणि मागेपुढे फिरवलं. बिनलेपाच्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला त्याचा थोडाफार गुण यायचा.

आजच्या ब्लेडवर तेच केलं तर पहिल्यांदा टेफ्लॉन खरवडला जातो, मग कठीण लेप. कडेला उडालेले टवके आहेत तिथेच राहतात, कारण पोलाद परत कुठून येणार? टवका घालवायचा तर सबंध कड त्याच्या तळापर्यंत ग्राइंड करून मागे न्यावी लागेल, आणि ०.१ मिलिमीटरच्या पत्र्यावर हे काम घरी होत नाही. मी आयुष्यभर धार लावली आहे, तरी मी ब्लेडला लावत नाही.

जीन्सच्या कापडावर किंवा तळहातावर ब्लेड उलट्या दिशेने फिरवायचं, हा उपाय आजकाल तरुण मुलांकडून ऐकतो. कापडाने साबणाचा साका आणि चिकटलेली त्वचेची भुकटी निघत असेल, त्यामुळे ब्लेड जरा मोकळं चालत असेल. त्याहून जास्त काही होण्याचं कारण मला दिसत नाही. साका काढायला पाण्याची धार पुरते, आणि तळहात कापून घेण्याचा धोका फुकटचा. कारेल द्रबाल नावाच्या चेक रेडिओ अभियंत्याने तर पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली ठेवलेलं ब्लेड परत धारदार होतं असं म्हटलं, आणि १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात त्याला त्याचं पेटंटही मिळालं. पेटंट मिळालं म्हणजे गोष्ट खरी ठरली असं नसतं. उडालेला टवका पुठ्ठ्याखाली ठेवून भरून येत नाही.

एक गोष्ट मात्र अनेकांच्या अनुभवाची आहे, आणि तिला कारण आहे. नव्या ब्लेडची दुसरी दाढी पहिलीपेक्षा मऊ होते. टेफ्लॉनचा थर नवा असताना कडेवर जरा जाड असतो. पहिल्या काही फेऱ्यांत तो मागे सरकून बसतो आणि कड मोकळी होते. म्हणून पहिल्या दाढीवरून ब्लेडला नावं ठेवू नयेत.

स्टेनलेस असलं तरी गंजाची काळजी पुरती सोडून चालत नाही. १३ टक्के क्रोमियममधलं काही कार्बनबरोबर बांधलं जातं, गंज अडवायला उरतं ते कमी. त्यात समुद्रकाठची खारी हवा, बोअरचं मचूळ पाणी किंवा घामाचं मीठ आलं, तर कडेला बारीक ठिपके पडतात, आणि इतक्या बारीक कडेला ठिपकाही मोठा. दाढी झाली की ब्लेड वाहत्या पाण्याखाली धरा. कार्ट्रिज असेल तर पाणी मागच्या बाजूने येऊ द्या, म्हणजे फटींतले केस पुढे ढकलले जातात. मग झटकून पाणी काढा. बेसिनच्या काठावर आपटू नका. धारेच्या वस्तूवर ठोका पडू द्यायचा नाही, ही टूलरूमची पहिली शिस्त. टॉवेलने कड पुसू नका, टॉवेलही कापला जातो आणि कडही दुखावते. आणि रेझर बाथरूममध्ये, साबणाच्या थाळीत ओला पडू देऊ नका. बाहेर, हवेशीर जागी, उभा ठेवा. घरातल्या बायकामुलींचे रेझर तर बऱ्याचदा गिझरखालच्या वाफेतच टांगलेले असतात, त्यांना हे जास्त लागू. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात काहीच वाळत नाही, तेव्हा रेझरचं डोकं थोड्या स्पिरिटमध्ये बुडवून काढलं की पाणी निघून जातं आणि स्पिरिट उडून जातं. अशा जागी रोज दाढी न करणाऱ्याने पातळ तेलाचं बोट लावलं तरी चालेल. खोबरेल मात्र थंडीत थिजतं आणि केस धरून ठेवतं.

एवढं करूनही ब्लेड कधीतरी जाणारच. कधी बदलायचं याचा दिवस मी सांगणार नाही, कारण दाट दाढीवाल्याचा आणि विरळ दाढीवाल्याचा दिवस एक नाही. ओठाखालची हनुवटीची जागा सांगते, तिथले केस राठ असतात. तिथे एकाच जागी दोनदा-तीनदा रेझर न्यावा लागला, की ब्लेड बदलावं. साधं दुधारी ब्लेड थोड्या रुपयांचं असतं. त्यासाठी गाल सोलून घेण्यात काटकसर नाही. माझं स्वतःचं मत विचाराल तर चार-पाच ब्लेडच्या महाग कार्ट्रिजपेक्षा जुन्या घडणीचा पितळी किंवा स्टीलचा रेझर आणि साधं ब्लेडच बरं. धुवायला मोकळं, वाळायला मोकळं. जिलेटने २०१० मध्ये भारतासाठी काढलेला ‘गार्ड’ हा एका ब्लेडचा रेझरही याच कारणाने मला चांगला वाटतो: तांब्यात बुडवून दाढी करणाऱ्या माणसाचा विचार त्यात केलेला दिसतो, त्याच्या फटी लगेच धुतल्या जातात.

काटकसरीची एक हद्द अगदी पक्की आहे. ब्लेड दोघांत वापरायचं नाही, बापलेकांतसुद्धा नाही, नवराबायकोतसुद्धा नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, आणि न दिसणाऱ्या ओरखड्यातून येणारं रक्तही त्याला पुरतं. आता बहुतेक सलूनमध्ये वस्तऱ्याच्या दांड्यात अर्धं मोडलेलं नवं ब्लेड बसवतात. ते आपल्यासमोर कागदातून निघालं का, हे खुर्चीत बसल्यावर बघावं आणि नसेल तर मागावं. कुठल्याही चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. पुण्यात घरोघरचा कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बहुतेक बायका आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ पासून काम करते आहे, तरी ब्लेडने चिरलेली बोटं अजून दिसतात. आमच्या दारी येणाऱ्या ताईंची मी स्वतः पाहिली आहेत. पत्र्याचा एखादा बंद डबा घ्या, झाकणाला करवतीने ब्लेड जाईल एवढी चीर पाडा आणि वापरलेलं प्रत्येक ब्लेड त्यात सोडा. असा डबा भरायला वर्षानुवर्षं लागतात. भरला की झाकण चिकटपट्टीने पक्कं करून भंगारवाल्याला द्या, आत काय आहे ते सांगून. वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे रेझर आणि कार्ट्रिज भंगारवाला घेत नाही. त्यांच्या तोंडाला जाड पुठ्ठा बांधा, वर मोठ्या अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि पिशवीत न टाकता ताईंच्या हातात वेगळं द्या.